तुम्ही विचारलंत म्हणून: घरच्या घरी इतिहास

“मुलांना शाळेत घातलं नाही ते ठीक, पण इतिहास कसा शिकवता? कंटाळत नाहीत?” लग्नकार्यात भेटलेलं कुणी ना कुणी हे हमखास विचारतं. गणिताची काळजी मात्र कुणालाच नसते.

कंटाळतात की! मी पुस्तक उघडून सनावळ्या सुरू केल्या की धाकटी पंख्याकडे बघत बसते. म्हणून आमच्याकडे इतिहास सुरू होतो तो एखाद्या वादापासून, आणि तो वाद मी मिटवत नाही.

१९३० च्या मार्शल लॉचंच, म्हणजे लष्करी अंमलाचंच घ्या. सोलापुरात राहून तो टाळता येत नाही, जाता-येता चार पुतळा, म्हणजे चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांचा चौक लागतोच. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी. एवढं दोघांना तोंडपाठ होतं, आणि तितकंच निर्जीव. मग शेजारचे आजोबा म्हणाले, सोलापूर तेव्हा चार दिवस स्वतंत्र होतं. थोरल्याने वाचलं होतं तीन. झालं! फरशीवर खडूने तारखा मांडल्या: ५ मे १९३० गांधीजींना अटक, ८ ला गोळीबार, १२ ला मार्शल लॉ. आता मोजायचं कुठून? “गोळीबाराच्या दिवशी पोलीस होते, तो दिवस धरायचा नाही,” धाकटी म्हणाली. थोरला म्हणाला, “मग बारा तारीख अर्धी धरू.” तीन आणि चार दोन्ही कुठून आले असतील ते त्यांचं त्यांनाच उमगलं.

खरी अडचण पुढे आली. त्या धुमश्चक्रीत पोलीसही मारले गेले होते आणि चौघांवर खटला चालला तो त्याच खुनांचा. “आई, ते पोलीस पण आपलेच ना?” यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. जेवताना तोच विषय, भाकऱ्या गार झाल्या. मला विचाराल तर वर्षभरातला सगळ्यात चांगला तास तो होता.

भुईकोट किल्ल्यातही असंच. आत जुन्या देवळाचे अवशेष आहेत. आधी काय होतं, देऊळ की किल्ला, आणि कशावरून? एवढा एक प्रश्न अख्ख्या दुपारला पुरतो. सोलापूरजवळच्या हत्तरसंग कुडल गावच्या शिलालेखावर शके ९४० आहे; त्यात ७८ मिळवले की १०१८. फुकटात गणितही होऊन जातं.

आता उणी बाजू. गावातून सगळं जग दिसत नाही. फ्रेंच राज्यक्रांती आम्ही निमूटपणे पुस्तकातूनच वाचली, आणि ती कंटाळवाणी झाली. दहावीला एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतून बसवणार आहोत. तिथे विषय निवडता येतात, त्यामुळे परीक्षेची धास्ती कमी.

तरी कधीकधी गावातूनच वाट फुटते. डॉ. द्वारकानाथ कोटणीस मूळचे सोलापूरचे. १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चिनी जखमी सैनिकांवर उपचार करायला चीनला गेले, १९४२ मध्ये तिथेच वारले. “पण जपानचं चीनशी भांडण कशावरून?” थोरल्याने विचारलं. त्यामुळे सध्या हॉलच्या भिंतीवर आशियाचा नकाशा आहे, आणि मुंबईहून बोटीने चीन गाठायला किती दिवस लागले असतील यावर दोघांची पैज लागली आहे.