शेअर पडला की आधी विचारा, कारण सापडलं का

रविवार, रात्र

ग्रुपवर पोरांचं परत सुरू झालंय. कुठल्याशा टेक कंपनीच्या प्रॉडक्टमध्ये सेफ्टीचा लोचा निघाला, शेअर एका दिवसात धाडकन खाली आला आणि लगेच मेसेज सुरू, "डिस्काउंटमध्ये मिळतोय, उचला", "डिप आहे, अ‍ॅव्हरेज करून टाका", म्हणजे पडलेल्या भावात अजून घेऊन आपला सरासरी भाव खाली आणा. मी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे, आणि थोडेफार पैसे शेअरमध्येही टाकते, त्यामुळे अशी बातमी आली की माझ्या डोक्यात दोन्ही चक्रं एकदम फिरायला लागतात. किती पडला, अजून किती पडेल हे सगळे विचारतात. कारण सापडलं का हे कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते पैसे राहणार की बुडणार ते बरंचसं तिथेच ठरतं. ग्रुपवर एवढं टाइप करून कोण वाचणार, म्हणून इथे.

आमच्याकडे कस्टमर कम्प्लेंट आली की आधी माल अडवायचा, लाइनवरचा, स्टोअरमधला, वाटेत ट्रकमध्ये असलेला सुद्धा. मग बसायचं रूट कॉज, म्हणजे मूळ कारण, शोधायला. खरी परीक्षा इथेच असते कारण समोरून सारखे फोन चालू असतात, उत्तर द्या, उत्तर द्या, आणि अशा वेळी जे कारण सगळ्यात जवळ दिसतं ते रिपोर्टात लिहून मोकळं व्हायचा मोह फार होतो. बॅच खराब होती, ऑपरेटर नवीन होता, सप्लायरने मटेरियल बदललं, असं काहीतरी. रिपोर्ट क्लोज होतो, सगळे चहा प्यायला जातात. आणि मग महिन्याभराने तीच कम्प्लेंट परत. रिपीट कम्प्लेंट म्हटलं की आमच्या डिपार्टमेंटमध्ये सगळ्यांचे चेहरे पडतात, कारण पहिल्या वेळी कस्टमर फक्त चिडलेला असतो, दुसऱ्या वेळी त्याचा आपल्यावरचा विश्वासच उडालेला असतो.

बाजारही अगदी असाच वागतो, आणि ह्याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे सॅमसंगचा नोट ७ हा फोन. वर्ष २०१६. १९ ऑगस्टला फोन बाजारात आला, कौतुक झालं, आणि दोन आठवड्यांत चार्जिंगला लावलेले फोन पेटल्याच्या बातम्या यायला लागल्या. २ सप्टेंबरला कंपनीने २५ लाख फोन परत बोलावले. तेव्हा बरेच जण म्हणाले, वा, किती पटकन पावलं उचलली. कारणही सांगून टाकलं, बॅटरी सेलमध्ये दोष आहे. बॅटऱ्या दोन ठिकाणांहून येत होत्या, एक त्यांचीच सॅमसंग एसडीआय आणि दुसरी बाहेरची कंपनी, एटीएल. दोष पहिल्या बॅटरीत दिसला म्हणून दुसरीची बॅटरी घालून लोकांना बदली फोन दिले. म्हणजे आमच्या भाषेत रिपोर्ट क्लोज.

५ ऑक्टोबरला अमेरिकेत लुईव्हिलच्या विमानतळावर साउथवेस्टच्या विमानात, उड्डाणाच्या आधी, एका प्रवाशाच्या फोनमधून धूर यायला लागला आणि सगळं विमान रिकामं करावं लागलं. तो बदली दिलेला फोन होता! ११ ऑक्टोबरला सॅमसंगने फोनचं उत्पादनच बंद केलं आणि त्या दिवशी सोलच्या बाजारात शेअर ८ टक्के पडला, २००८ नंतरची एका दिवसातली सगळ्यात मोठी पडझड. साधारण १७ अब्ज डॉलरचं बाजारमूल्य एका दिवसात गेलं. आता कंपनीने ह्या फोनपायी जो तोटा धरला तो सगळा मिळून पाच अब्ज डॉलरच्या थोडा वर. म्हणजे लोकांनी कंपनीच्या किमतीतून त्या तोट्याच्या जवळपास तिप्पट कापलं. जळालेल्या फोनची किंमत एवढी नव्हती, ह्यांना स्वतःलाच कारण कळलेलं नाही ही भीती त्या आकड्यात होती असं मला वाटतं. पहिल्या रिकॉलनंतरही सप्टेंबरात शेअर घसरलाच होता, पण खरा घाव बसला तो ह्या रिपीटचा.

तुम्हाला आठवत असेल, आपल्याकडे हा फोन धड विकायलाही आला नाही, पण विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएने सूचना काढली आणि विमानात अनाउन्समेंट सुरू झाली की नोट ७ चालू करू नका, चार्ज करू नका. एखाद्या कंपनीच्या मॉडेलचं नाव घेऊन हवाई सुंदरी रोज हजारो लोकांना सावध करतेय, ह्याचा हिशोब कुठल्या बॅलन्स शीटमध्ये मांडायचा?

खरं कारण बाहेर आलं २३ जानेवारी २०१७ ला. सातशे माणसं लावली होती त्यांनी, दोन लाख फोन आणि तीस हजार बॅटऱ्या तपासल्या. हा भाग मी परत परत वाचलाय कारण तो आमच्या रोजच्या कामाचा आहे. लिथियमची बॅटरी आतून कशी असते, एक पॉझिटिव्ह पट्टी, एक निगेटिव्ह पट्टी, मध्ये सेपरेटरचा पातळ पडदा, आणि सगळं मिळून गुंडाळलेलं, सुरळीच्या वडीसारखं. तो पडदा केसापेक्षाही पातळ, आणि तो फाटला की दोन पट्ट्या एकमेकींना टेकतात, शॉर्ट, उष्णता, आग. पहिल्या बॅटरीत वरच्या उजव्या कोपऱ्यात जागाच पुरत नव्हती, त्यामुळे निगेटिव्ह पट्टी तिथे दुमडली जायची. दुसऱ्या बॅटरीत वेल्डिंगचे बर राहिले होते, ते आतून टोचत होते, आणि काही सेलमध्ये तर इन्सुलेशनची टेपच लावायची राहिली होती. म्हणजे दोन वेगळे दोष. एक डिझाइनचा, एक लाइनवरचा. पहिल्याचं उत्तर शोधून दुसऱ्याला क्लीन चिट दिली गेली होती.

बर म्हणजे काय ते ज्याने हाताळलंय त्याला कळेल. पत्रा कापला, वेल्ड केलं की कडेला धातूची बारीक कुसळं उभी राहतात, डोळ्याला दिसत नाहीत, नख फिरवलं की अडकतं. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलींना मी गेज हातात द्यायच्या आधी हे नख फिरवायला शिकवते. आमच्या पार्टला एवढं कुसळ राहिलं तर फार तर असेंब्लीत बसत नाही, लाल बिनमध्ये जातो. बॅटरीत राहिलं तर कुणाच्या उशाशी आग. आणि त्याच कुसळापायी सोलमध्ये एका दिवसात एवढे अब्ज उडाले, हे आठवलं की मला आमच्या कामाबद्दल फार वाटतं, खरंच.

आता ग्रुपवरची पोरं म्हणतील, बघा, सॅमसंगचा शेअर परत वर आला की नाही? आला. जानेवारी २०१७ मध्ये तो विक्रमी पातळीला होता. २०१६ च्या शेवटच्या तिमाहीत ऑपरेटिंग प्रॉफिट ९.२ ट्रिलियन वॉन झाला, तीन वर्षांतला सगळ्यात जास्त. पण तो कशामुळे? मुख्यतः मेमरी चिपमुळे. एक फोन जळाला तरी जगभरच्या बाकीच्या फोनमध्ये आणि सर्व्हरमध्ये ह्यांच्या चिपा जात होत्या. म्हणून "सॅमसंग वर आला, हाही येईल" हे उदाहरण प्रत्येक वेळी देणं मला धोक्याचं वाटतं, कारण ज्या कंपनीकडे दुसरं काही कमवायला नाही तिचं काय.

तिचं काय झालं ते बघायला त्याच वर्षी गोप्रो होती. छोटे कॅमेरे बनवणारी. ह्यांनी आधी २०१५ मध्ये हीरो ४ सेशन नावाचा कॅमेरा काढला ३९९ डॉलरला, सप्टेंबरमध्ये तो २९९ वर आणला आणि डिसेंबरपर्यंत १९९. सहा महिन्यांत निम्मा भाव. गिऱ्हाईक खूश होतं अशा वेळी, पण शेअर घेतलेल्याने कान टवकारायला हवेत कारण भाव असा पाडावा लागतो तो माल हलत नाही म्हणून. जानेवारी २०१६ ला आकडे आले, विक्री अंदाजाच्या खूप खाली, ७ टक्के नोकऱ्या गेल्या, शेअर कोसळला. मग सगळी आशा कर्मा नावाच्या ड्रोनवर. ऑक्टोबरमध्ये विक्रीला आला आणि ८ नोव्हेंबरला सुमारे २,५०० ड्रोन परत बोलावले कारण उडता उडता पॉवर जायची. शेवटी कारण निघालं बॅटरी धरून ठेवणारी खिट्टी! हलून हलून बॅटरी सुटायची. खिट्टी बदलली, ड्रोन परत आला, पण गेलेली वेळ परत आली नाही आणि २०१८ च्या जानेवारीत कंपनीने ड्रोनचा धंदाच सोडला, त्याच सुमाराला हीरो ६ चा भावही शंभर डॉलरने कमी केला, आणि शेअर परत आपटला. २०१४ ला २४ डॉलरने आयपीओ, म्हणजे शेअरची पहिली विक्री, आलेला, त्याच वर्षी नव्वदीच्या घरात गेलेला शेअर तो.

घरच्या अंगणात यायचं तर २६ मार्च २०२२, पुण्यात लोहगाव-धानोरी भागात रस्त्याकडेला उभी असलेली ओलाची इलेक्ट्रिक स्कूटर पेटली. तो व्हिडिओ त्या दिवशी आमच्या सगळ्यांच्या फोनवर आला होता. कंपनीने सांगितलं की प्राथमिक तपासणीत हा एकट्या गाडीपुरता प्रकार दिसतोय, तरी खबरदारी म्हणून त्या बॅचच्या १,४४१ गाड्या परत बोलावल्या. त्याच दिवसांत नाशिकला दुसऱ्या एका कंपनीच्या चाळीस गाड्या कंटेनरमध्ये भरलेल्या होत्या त्यातल्या वीस जळाल्या, ओकिनावा ह्या आणखी एका कंपनीने ३,२१५ गाड्या परत घेतल्या, म्हणजे दोष एका घरचा नव्हता, सगळी इंडस्ट्रीच घाईत होती. मग सरकारने समिती नेमली आणि एआयएस-१५६ ह्या मानकातले बॅटरीचे नियम कडक केले, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत. हे फार चांगलं झालं.

पण तेव्हा ओला लिस्टेड, म्हणजे बाजारात नोंदलेली, नव्हती, म्हणून पडायला शेअरच नव्हता. तो आला ऑगस्ट २०२४ मध्ये, ७६ रुपयांनी, कमीत कमी १९५ शेअरचा लॉट. ९ तारखेला ७६ लाच लिस्ट झाला, त्याच दिवशी अप्पर सर्किट, म्हणजे दिवसात चढायची कमाल मर्यादा गाठली, आणि २० ऑगस्टला १५७ च्या वर. ऑक्टोबरमध्ये ग्राहक हेल्पलाइनवर वर्षभरात आलेल्या १०,६४४ तक्रारींवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोटीस पाठवली. कंपनीचं म्हणणं, ९९ टक्क्यांच्या वर तक्रारी सोडवल्या. त्याच महिन्यात सणाच्या ऑफरमध्ये सगळ्यात छोटी स्कूटर ४९,९९९ ला. वर्ष संपायच्या आत शेअर आयपीओच्या भावाच्या खाली गेला आणि २०२५ च्या जुलैत चाळिशीच्या आसपास होता. मार्च २०२५ च्या तिमाहीत ८७० कोटी तोटा, आणि त्यात जुन्या गाड्यांच्या वॉरंटीसाठी ठेवलेली जादाची रक्कमही होती.

ह्यात मला सगळ्यात जास्त लागतं ते हे की त्या दहा हजार तक्रारी काही एका ऑक्टोबरच्या सकाळी उगवल्या नव्हत्या. सर्व्हिस सेंटरबाहेर उभ्या असलेल्या गाड्या येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत होत्या, लोक वर्षभर फोन करत होते. शेअर १५० ला असताना सुद्धा त्या तक्रारी होत्याच. ज्यांनी तेव्हा हौसेने शेअर घेतले ती आपल्यासारखीच माणसं, बोनसचे पैसे टाकणारी, आणि त्यांना हे कळावं अशी सोय कुठे होती? म्हणून "डिप आहे, उचला" वाचलं की मला राग येतो. डिपच्या त्या टोकाला कोणाची तरी गाडी जळालेली असते नाहीतर कोणीतरी पैसे भरून चालत ऑफिसला जात असतं.

सोय थोडी तरी आहे, आणि ती कोणी उघडून बघत नाही. मार्केट कॅपने, म्हणजे एकूण बाजारमूल्याने, पहिल्या हजार लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून अ‍ॅन्युअल रिपोर्टसोबत बीआरएसआर, म्हणजे कंपनी जबाबदारीने वागते का ह्याचा अहवाल, द्यावा लागतो. त्यात शेवटचं, नववं तत्त्व ग्राहकांचं. तिथे खाली एक छोटा तक्ता असतो, सेफ्टीच्या कारणावरून किती रिकॉल झाले, स्वतःहून किती, सक्तीने किती, आणि कारण काय. कारणाचा वेगळा रकाना आहे! त्याच्या वरच ग्राहकांच्या तक्रारींचा तक्ता, वर्षात किती आल्या आणि वर्षाखेर किती पेंडिंग राहिल्या. मी आता नवीन शेअर घ्यायच्या आधी हे बघते आणि सोबत अकाउंटच्या नोट्समध्ये वॉरंटी प्रोव्हिजन, म्हणजे वॉरंटीतल्या दुरुस्त्यांसाठी बाजूला ठेवलेली रक्कम, ह्या वर्षी किती, गेल्या वर्षी किती. विक्री जेमतेम वाढलीय आणि वॉरंटी दुप्पट झालीय असं दिसलं तर शेअरचा चार्ट कितीही हिरवा असू दे, मी थांबते. गाड्यांच्या बाबतीत तर १ एप्रिल २०२१ पासून रिकॉलचा कायदाच आहे, दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड आहे त्यात.

पण हे सगळं वर्षातून एकदाच. मार्चअखेरचा तक्ता आपल्या हातात पडेपर्यंत निम्मा पावसाळा सरलेला असतो आणि तोवर पुढच्या दोन बॅच रस्त्यावर आलेल्या असतात. तिमाही निकालासोबत तो यायला हवा, कारणाच्या रकान्यासकट, आणि कारण अजून सापडलं नसेल तर तसं लिहून. शेअर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीने हे करावं असं मला फार वाटतं. आमच्याकडे साध्या ब्रॅकेटची कम्प्लेंट आली तरी चोवीस तासांत कस्टमरला पहिलं उत्तर लेखी द्यावं लागतं, मग ज्याने कंपनीत स्वतःचे पैसे घातलेत त्याने वर्षभर का थांबायचं.