केटी मकेब: पर्थचा तो कॉर्नर आणि त्याआधीची सहा वर्षं

२६ जुलै २०२३, पर्थमध्ये पाऊस, महिला फुटबॉल वर्ल्ड कपची आयर्लंड विरुद्ध कॅनडा मॅच, आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच वाजलेले. चौथं मिनिट चालू होतं. उजव्या बाजूला कॉर्नर मिळाला, आयर्लंडची कॅप्टन केटी मकेबने डाव्या पायाने उचलला आणि बॉल असा काही वळत आला की कॅनडाची गोलकीपर शेरिडन हात वर करेपर्यंत थेट जाळ्यात! मी जागेवरून उठून ओरडलेच. वर्ल्ड कपमधला आयर्लंडच्या महिला टीमचा हा पहिला गोल आणि तोही ऑलिम्पिक चॅम्पियन टीमविरुद्ध, कॅप्टनने, थेट कॉर्नरवरून. काही जण नशीब म्हणाले, मला अजिबात पटत नाही, ती मुळात कॉर्नर गोलकडे वळवूनच मारते, कोणाचं डोकं लागलं तर लागलं नाहीतर बॉल आत. मॅच मात्र २-१ अशी हरले, आयर्लंड त्याच रात्री स्पर्धेबाहेर.

पण केटीबद्दल लिहायचं तर २०१७ पासूनच सुरू करायला हवं. त्या वर्षी एप्रिलमध्ये आयर्लंडच्या महिला खेळाडूंनी डब्लिनच्या लिबर्टी हॉलमध्ये प्रेस कॉन्फरन्स घेऊन सगळं उघड सांगून टाकलं, की मॅचला जाताना मिळणारे ट्रॅकसूट ज्युनियर टीमबरोबर वाटून घ्यावे लागतात, परत आल्यावर एअरपोर्टच्या टॉयलेटमध्ये कपडे बदलून ते परत द्यावे लागतात. देशाकडून खेळणाऱ्या मुली! मागण्या तरी काय, तर जिमची सोय आणि मॅचचे थोडे पैसे. पुढची मॅच खेळणार नाही म्हणून अडून बसल्या तेव्हा फेडरेशन वाकलं. त्या लढ्यात पुढे होती तेव्हाची कॅप्टन, गोलकीपर एमा बर्न.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कॅप्टनशिप केटीकडे आली. वय २१. डब्लिनच्या टाला भागातली, अकरा भावंडांतली तिसरी, २०१५ च्या डिसेंबरात लंडनच्या आर्सेनल क्लबला गेलेली, पण तिथे पुरेसं खेळायलाच मिळेना म्हणून स्कॉटलंडच्या ग्लासगो सिटी क्लबला लोनवर, म्हणजे काही काळापुरती उसनी, पाठवलेली. म्हणजे क्लबमध्ये जागा नाही आणि देशाची कॅप्टन! आयर्लंडचा कोच कॉलिन बेलने तिच्यात काय पाहिलं ते तेव्हा किती जणांना दिसलं असेल माहीत नाही, मला तर हा तिच्या करिअरमधला सगळ्यात मोठा निर्णय वाटतो. पुढे आर्सेनलने परत बोलावलं, विंगर (कडेने हल्ला करणारी) होती तिची लेफ्ट बॅक (डाव्या बाजूची डिफेंडर) झाली, २०१९ ला इंग्लंडची लीग जिंकली. आणि २०२१ मध्ये आयर्लंडच्या पुरुष आणि महिला टीमला सारखी मॅच फी द्यायचं ठरलं तेव्हा एका बाजूला पुरुष टीमचा कॅप्टन शेमस कोलमन आणि दुसऱ्या बाजूला महिला टीमची कॅप्टन म्हणून तीच होती. ट्रॅकसूट परत करण्यापासून इथपर्यंत फक्त चार वर्षं.

वर्ल्ड कपला क्वालिफाय झाले ते ऑक्टोबर २०२२ मध्ये, ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर, स्कॉटलंडविरुद्ध १-०, अँबर बॅरेटचा गोल. मग वर्ल्ड कपची पहिली मॅच सिडनीत ऑस्ट्रेलियासमोर, ७५ हजारांहून जास्त लोक, तिथे एका पेनल्टीच्या गोलवर १-० हरले.

शेवटची मॅच नायजेरियाशी ०-०. त्यात केटीने चालू मॅचमध्ये कोच व्हेरा पॉवला सब्स्टिट्यूट आणा असं सांगितलं, कोचने नंतर पत्रकारांसमोरच तिला सुनावलं. केटीने उत्तर म्हणून तोंडाला चेन लावलेला इमोजी टाकला, बास. यावरून तिला खूप बोललं गेलं पण मैदानावर अकरा जणी दमलेल्या दिसत असताना कॅप्टनने बोलायचं नाही तर कोणी बोलायचं? मला तिचं बरोबरच वाटलं. पॉवचं कॉन्ट्रॅक्ट पुढच्याच महिन्यात संपलं, ते वाढवलं नाही.

२०२४ च्या डिसेंबरात वेल्सकडून डब्लिनमध्येच हरून युरो (युरोपातल्या देशांची स्पर्धा) हुकलं, ती हार मला अजून पचलेली नाही. आणि मग सहाच महिन्यात, २४ मे २०२५ ला लिस्बनमध्ये युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगची फायनल, आर्सेनल विरुद्ध गतविजेती बार्सिलोना. गोल केला आर्सेनलच्या ब्लॅकस्टेनियसने आणि नाव तिचंच झालं, होणारच. पण पूर्ण मॅच कुठे मिळाली तर बॉल कुठेही असू दे, तुम्ही आर्सेनलच्या डाव्या कोपऱ्याकडे बघा, समोर बार्सिलोनाची कॅरोलीन ग्रॅहम हॅन्सनसारखी विंगर आणि तिच्या वाटेत केटी, पूर्ण वेळ. बार्सिलोनाला एकही गोल करता आला नाही.