पप्पांचा कफ आणि आजची सकाळ

आज पप्पांची सकाळ इतकी छान गेली की लिहावंसंच वाटलं. त्यांना ब्रॉन्किएक्टेसिस आहे, जुन्या टीबीमुळे श्वासनळ्या कायमच्या रुंदावल्यात, कफ आत साचून राहतो आणि त्यात परळचा हा पाऊस, भिंतींना ओल, मग तर रात्रभर खोकला.

फिजिओथेरपिस्ट ताईंनी क्रम लावून दिलाय. आधी श्वासनळी मोकळी करणारं औषध नेब्युलायझरमधून (औषधाचा बारीक फवारा करून श्वासातून देणारं मशीन), मग थोडं थांबून ३ टक्के सलाईन, हे खारट पाणी नळ्यांमध्ये पाणी ओढून घेतं आणि चिकट कफ पातळ होतो. पण त्यानेच कधीकधी छाती आवळते म्हणून ते औषध आधी, आणि पहिला डोस डॉक्टरांसमोरच दिला होता, कोणी ऐकून स्वतःच सुरू करू नका प्लीज. साधं सलाईन ०.९ टक्के असतं, ते वेगळं.

मग हफिंग. जोरात खोकायचं नाही, आरशावर वाफ सोडतो तसं तोंड उघडं ठेवून हाऽऽ करत श्वास बाहेर. आधी पप्पा चिडायचे, आज स्वतःहून म्हणाले, "चल गं, मशीन लाव." कफ सुटला, पांढरट होता, रक्त नाही, नंतर चहा घेतला आणि स्वतः जिने उतरून पेपर आणायला गेले!! मला भरून आलं खरंच.

नेब्युलायझरचा कप मात्र दर वेळी धुवून पूर्ण सुकवायचाच, ह्यात मी कोणाचं ऐकत नाही, नाहीतर त्यातलेच जंतू परत छातीत. आता दादाला शिकवायचंय सगळं, पुढच्या आठवड्यात माझी नाईट आहे.