नवख्याचे नारिंगी जाकीट

इंग्लंडमध्ये मोटरसायकल शर्यतींचा हंगाम साधारण मार्चमध्ये सुरू होतो आणि ऑक्टोबरमध्ये संपतो. हिवाळ्यात ट्रॅक गार आणि ओला असतो, त्यामुळे गाडी गॅरेजमध्ये झाकून ठेवायची आणि गाव गाठायचे, हा माझा गेल्या तीन वर्षांचा शिरस्ता आहे. यंदाही संक्रांतीच्या आधी नेर तालुक्यातल्या आमच्या गावी पोचले तेव्हा कापसाची शेवटची वेचणी चालू होती, खळ्यावर तूर येऊन पडली होती आणि माझ्या शर्यतीची चर्चा माझ्या आधीच आमच्या ओसरीवर येऊन बसली होती. चुलत भावाने मोबाइलवर माझ्या एका शर्यतीचा व्हिडिओ सगळ्यांना दाखवला होता. त्यात मी शेवटून दुसरी आहे. काकाजींनी तो व्हिडिओ पूर्ण पाहिला, चष्मा काढून ठेवला आणि विचारले, "काऊन वं बाई, इतके पैसे देऊन मांगं राहाले जातं का तू?"

प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर मला ओसरीवर नीट देता आले नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

आपल्याला गाडी चांगली चालवता येते, हा माझा समज लुनावर तयार झाला आणि बाबांच्या स्प्लेंडरवर पक्का झाला. मागे ढेपेचे पोते बांधून, खड्डे चुकवत, समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरला जागा देत नेरहून घरी येणारी मुलगी कुठेही गाडी चालवू शकेल, असे मला प्रामाणिकपणे वाटत असे. नोकरीनिमित्त लेस्टरला राहू लागल्यावर मी तिथला परवाना काढला, एक जुनी गाडी घेतली आणि सहकाऱ्यांच्या आग्रहावरून एकदा 'ट्रॅक डे'ला गेले. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. ठरावीक शुल्क भरून आपापल्या वकुबाच्या गटात बंदिस्त ट्रॅकवर गाडी चालवण्याचा तो दिवस असतो, तेथे वेळ मोजून क्रमांक काढले जात नाहीत आणि नवख्यांच्या गटात दुसऱ्याला ओलांडण्यावरही बंधने असतात. शर्यतीची हौस असणाऱ्याने सुरुवात येथूनच करावी, कारण आपल्याला काय येत नाही हे त्या एका दिवसात पुरते कळते.

मला कळले ते असे की, रस्त्यावर मी सदैव चाकापुढच्या दहा-पंधरा हातांवर नजर ठेवून चालवत आले होते. आपल्याकडच्या रस्त्यांवर ते बरोबरच आहे, कारण खड्डा तिथेच असतो. ट्रॅकवर मात्र डोळे जिथे जातात तिथे गाडी जाते, म्हणून वळणाच्या आत शिरण्यापूर्वीच नजर त्याच्या बाहेर पोचलेली असावी लागते; घाबरून कडेच्या गवताकडे पाहिले की गाडी इमानदारीने गवतात जाते. दुसरी गोष्ट म्हणजे, वेगात असताना गाडी उजवीकडे वळवायची तर उजवे हँडल पुढे ढकलावे लागते. हे आपण सगळे नकळत करतोच, पण जाणीवपूर्वक करायला सांगितले की हात बंड करतात. सबंध सकाळ माझे हात बंड करत होते. स्प्लेंडरने मात्र एका बाबतीत मला अनपेक्षित साथ दिली. तिचे चारही गिअर पुढून खाली दाबत पडतात, आणि शर्यतीच्या गाड्यांवर बरेच जण गिअरचा क्रम मुद्दाम उलटा करून घेतात, म्हणजे पहिला वर आणि पुढचे सगळे खाली, कारण डावीकडे झुकलेल्या गाडीखाली पाय घालून गिअर वर उचलायला जागा उरत नाही. तिथल्या मुलांना या उलट्या क्रमाची सवय व्हायला बरेच दिवस लागतात. मला एक दिवसही लागला नाही.

शर्यतीत उतरायचे तर परवाना लागतो. ब्रिटनमध्ये तो ऑटो-सायकल युनियन देते. ही संस्था १९०३ साली स्थापन झाली आणि तिच्या नियमांखाली अनेक क्लब आठवड्याच्या सुट्टीत हौशी लोकांच्या शर्यती भरवतात. परवान्यासाठी डोळ्यांची तपासणी, वैद्यकीय माहितीचा अर्ज आणि एक दिवसाचे प्रशिक्षण आवश्यक असते, ज्यात वर्गात नियम शिकवतात आणि ट्रॅकवर आपल्या चालवण्याकडे पाहतात. वर्गातला बराचसा वेळ झेंड्यांवर जातो. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका आहे, ओलांडू नका. लाल म्हणजे शर्यत थांबवली आहे. पिवळ्या-लाल पट्ट्यांचा म्हणजे ट्रॅक निसरडा आहे. आणि काळ्यावर नारिंगी गोल असलेला झेंडा आपल्या क्रमांकासह दिसला, तर आपल्या गाडीत बिघाड आहे, ताबडतोब बाजूला व्हा. हे पाठ करणे सोपे असते. वळणावर गाडी झुकलेली असताना कोपऱ्यातला झेंडा दिसणे, हे खरे काम.

परवाना मिळाला की नवख्याला कपड्यांवरून नारिंगी जाकीट घालावे लागते, म्हणजे मागून येणाऱ्यांना कळावे की पुढचा माणूस काय करील याचा भरवसा नाही. शर्यत नीट पूर्ण केली की अधिकाऱ्यांची सही मिळते. वेगवेगळ्या ट्रॅकवरच्या पुरेशा सह्या जमल्या की जाकीट उतरते. त्या सह्या पहिल्या क्रमांकासाठी नसतात. न पडता, कुणाला न पाडता शेवटपर्यंत पोचण्यासाठी असतात. काकाजींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे.

गाडी निवडताना मी एक शहाणपणाचे काम केले आणि एक वेडेपणाचे. शहाणपणाचे हे, की मोठी गाडी घेतली नाही. सुझुकीची एसव्ही६५० ही दोन सिलिंडरची गाडी १९९९ साली बाजारात आली, तिचे सुटे भाग मुबलक असतात आणि तिथे तिच्यासाठी 'मिनीट्विन्स' नावाचा शर्यतींचा वर्गही आहे, ज्यात इंजिनाच्या ताकदीपेक्षा चालवणाऱ्याचा कस लागतो. वेडेपणा हा, की शर्यतीसाठी आधीच तयार केलेली जुनी गाडी स्वस्तात मिळत असताना मी रस्त्यावरची गाडी घेऊन ती स्वतः तयार करायचे ठरवले. आरसे, दिवे, स्टँड काढण्यात एक संध्याकाळ गेली. उरलेल्या कामात सगळा हिवाळा गेला.

त्या कामातली सगळ्यात जिकिरीची बाब म्हणजे तार. ऑइल काढण्याचा बोल्ट, ऑइल भरण्याचे झाकण, असे जे जे सैल होऊन तेल सांडू शकते, ते बारीक स्टीलच्या तारेने बांधून ठेवावे लागते. त्यासाठी बोल्टच्या डोक्यातून एक-दीड मिलिमीटरचे छिद्र पाडायचे, त्यातून तार ओवायची, ती पीळ देत जवळच्या पक्क्या भागाला नेऊन बांधायची, आणि ती अशा दिशेने न्यायची की बोल्ट सैल होऊ लागला तर तारेने त्याला उलट घट्ट होण्याच्या बाजूला ओढावे. पोलादी बोल्टच्या षटकोनी डोक्यात तिरके छिद्र पाडताना माझे सात ड्रिल बिट तुटले. हे मी आमच्या गावच्या मिस्त्रींना त्यांच्या दुकानात बसून सांगितले, तेव्हा ते हसले नाहीत. त्यांनी तारेचा नमुना मागितला, बोटांवर वळवून पाहिला आणि म्हणाले, "आमी डवऱ्याच्या नटाले बांधतो तसंच हाय, पण ही तार कामाची हाय." मग त्यांनी विचारले की इतकी काळजी कशासाठी. मी सांगितले की ट्रॅकवर एकाच्या गाडीतून वाटीभर तेल सांडले, तर त्याच्यामागचे चार-पाच जण एकाच वळणावर पडतात. म्हणूनच इंजिनाखाली सांडलेले तेल धरून ठेवणारे भांड्यासारखे कवच लागते, आणि रेडिएटरमध्ये कूलंट न घालता साधे पाणी घालावे लागते, कारण कूलंटमधले ग्लायकॉल डांबरावर तेलासारखेच निसरडे होते. ही सगळी तपासणी शर्यतीच्या दिवशी सकाळी होते. अंगावरचे एकसंध चामडी कपडे, पाठीचे संरक्षक कवच, हेल्मेटवरची मान्यतेची खूण आणि गळ्यातला नावाचा बिल्लासुद्धा पाहतात. पहिल्या वेळी माझी गाडी एका सैल तारेमुळे परत पाठवली गेली. ती मीच घाईत बांधली होती.

माझी पहिली शर्यत मॅलरी पार्कला झाली. लेस्टरशायरमधल्याच एका लहान गावाला लागून, तळ्याच्या काठाने फिरणारा तो सव्वादोन किलोमीटरच्या आसपासचा जुना ट्रॅक आहे. जेरार्ड्स नावाचे त्याचे पहिले मोठे वळण इतके लांबलचक उजवे आहे की आपण त्यातून कधी बाहेर येणार असे वाटत राहते, आणि दुसऱ्या टोकाचे हेअरपिन, म्हणजे केसांच्या आकड्यासारखे जवळजवळ उलटे फिरवणारे वळण, इतके अरुंद आहे की तिथे गाडी जवळजवळ बैलगाडीच्या चालीने वळवावी लागते. टायरवर शेवटच्या क्षणापर्यंत विजेची उबदार वेष्टने होती, ती काढली, एक फेरी मारून रांगेत उभी राहिले. माझ्या पुढे तीसेक गाड्या होत्या. लाल दिवे विझले आणि पहिल्याच वळणावर त्या सगळ्या एका झुबक्यात माझ्यासमोरून निघून गेल्या. त्यानंतरच्या आठ फेऱ्यांपैकी पाच मी जवळजवळ एकटीच चालवल्या. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर इतके गच्च धरले होते की तिसऱ्या फेरीपासून उजव्या हाताची बोटे बधिर झाली. हँडल सैल धरायचे आणि भार पायांवर व टाकीला टेकवलेल्या गुडघ्यांवर घ्यायचा, हे वर्गात ऐकलेले ज्ञान त्या वेळी आठवले नाही. तरीही शेवटच्या फेरीत हेअरपिनला एकाला मागे टाकले. तोही नारिंगी जाकिटातच होता. गाडी उभी केल्यावर त्यानेच येऊन हात मिळवला. काकाजींनी पाहिलेला व्हिडिओ तो हाच.

पडण्याची पाळी पुढच्याच महिन्यात आली. केंटमधल्या ब्रँड्स हॅचच्या लहान ट्रॅकवर डावी वळणे केवळ दोन आहेत, त्यामुळे टायरची उजवी बाजू तापते आणि डावी गारच राहते. हे मला माहीत होते. तरी एप्रिलच्या थंड सकाळी, दुसऱ्याच फेरीत, पहिल्या डाव्या वळणावर मी उजवीकडच्याच विश्वासाने गाडी झुकवली आणि पुढचे चाक काही कळण्याआधी निसटले. घसरत जाताना मला सगळ्यात स्पष्ट आठवते ती कपड्यांच्या चामड्याची खरखर. मार्शल, म्हणजे ट्रॅकच्या कडेला उभे असणारे मदतनीस, धावत आले. हे लोक पैसे न घेता, पावसापाण्यात दिवसभर उभे राहतात आणि त्यांच्याशिवाय एकही शर्यत होत नाही. डॉक्टरांनी तपासल्याशिवाय, आणि गाडी व हेल्मेटची तपासणी पुन्हा झाल्याशिवाय परत उतरू देत नाहीत. मला खरचटण्यापलीकडे काही झाले नव्हते, गाडीचा क्लच लिव्हर आणि पाय ठेवण्याचा दांडा तुटला होता. दोन्ही सुटे भाग व्हॅनमध्ये होते. दुपारच्या शर्यतीत मी उतरले आणि त्या वळणावर दरवेळी वेळ घालवला.

खर्चाचे विचाराल तर तो गाडीचा कमी आणि त्यानंतरचा जास्त असतो: प्रवेश शुल्क, टायर, व्हॅनचे डिझेल, तुटलेले भाग. घरच्यांच्या माहितीसाठी हेही सांगते की साधारण विमा शर्यतीतल्या दुखापतीला लागू होत नाही, हे मी आधी विचारून घेतले होते. मुक्काम ट्रॅकच्या आवारात तंबूतच होतो, आणि शेजारच्या तंबूतला माणूस शर्यतीत आपला प्रतिस्पर्धी असला तरी रात्री पाना देतो.

आईला वेगळीच शंका होती, ती म्हणजे बायांची शर्यत निराळी असते का. बहुतेक वेळा नसते, सगळे एकाच रांगेत उभे असतात. पण हे सहजासहजी झालेले नाही. आइल ऑफ मॅन बेटावरच्या टीटी या प्रसिद्ध मोटरसायकल शर्यतीत एकटीने गाडी चालवणारी पहिली स्त्री, बेरिल स्वेन, १९६२ साली ५० सीसीच्या गाडीवर उतरली, आणि त्यानंतर तिचा आंतरराष्ट्रीय परवानाच काढून घेण्यात आला. स्पेनच्या आना कारास्कोने २०१८ साली पुरुषांबरोबर धावून सुपरस्पोर्ट ३०० या लहान इंजिनांच्या गाड्यांची जागतिक स्पर्धा जिंकली. यावर आईने तळेगाव दशासरच्या शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचा, दाखला दिला, जिथे बायाही बैलजोडी हाकतात, आणि विषय तिच्यापुरता मिटला.

गावातल्या दोन मुलांनी मला बाजूला घेऊन विचारले की हे इथे करता येते का. येते, पण विदर्भात नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट हे आपल्याकडचे प्रमुख ट्रॅक आहेत, परवाना एफएमएससीआय ही संस्था देते, आणि टीव्हीएससारख्या कंपनीच्या मालिकेत सगळ्यांना सारखी गाडी कंपनीच देते, त्यामुळे गाडी विकत घेण्याचा प्रश्न राहत नाही. दोघांनाही मी एक अट घातली: नेरच्या रस्त्यावर वेग दाखवायचा नाही. एकाने मान्य केली.

काकाजींना उरलेले अर्धे उत्तर मी शंकरपटाच्या भाषेत दिले. नवी जोडी पहिल्या वर्षी पटात उतरवली, तर तुम्ही तिच्याकडून बक्षिसाची अपेक्षा करता का, असे विचारले. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "पयल्या वर्षी सरळ धावली तरी लय झालं." मग थोड्या वेळाने, "तू सरळ धावतं का?"

मी ब्रँड्स हॅचचा व्हिडिओ त्यांना दाखवलेला नाही.

परत निघण्याच्या आदल्या दिवशी मिस्त्रींच्या दुकानात गेले, कारण येताना आणलेली तारेची रीळ त्यांच्याकडेच राहिली होती. रीळ अर्धी झाली होती. बाबांची स्प्लेंडर दुकानासमोर स्टँडवर उभी होती, तिच्या ऑइलच्या बोल्टला नीट तिरके छिद्र पाडलेले होते आणि त्यातून निघालेली पीळदार तार चौकटीला घट्ट बांधली होती, तारेची ओढही बरोबर दिशेने होती. एकच बिट तुटला, असे मिस्त्री म्हणाले.