फेटच्या पैशातलं कॉलेज

आमच्या कॉन्व्हेंटचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर माजी विद्यार्थिनी तपशील दुरुस्त करायला धावतील, आणि त्यातल्या बऱ्याच जणी मीच शिकवलेल्या असल्यामुळे ते निमूट ऐकून घ्यावं लागेल. पुण्याच्या कॅम्पातली, सिस्टर लोकांची, मुलींची शाळा, एवढं पुरे. आज तिथे शिशुवर्गापासून बी.कॉम.पर्यंत सगळं आहे आणि गेटवर एकाखाली एक तीन पाट्या आहेत. पण ही वाढ मी पाट्यांवरून मोजत नाही. दर वर्षी डिसेंबरात गॅदरिंग आणि जानेवारीत फेट, या दोन दिवसांनी शाळेचं कॉलेज केलं असं माझं ठाम मत आहे. सिस्टरांना विचारलं तर त्या देवाचं नाव घेतील. त्यांचंही खरं असेल, पण जमाखर्च मी लिहिलेला आहे.

फेट म्हणजे आनंदमेळाच, फक्त पैशांच्या बाबतीत फार गंभीर. नोव्हेंबरात प्रत्येक मुलीच्या हातात सोडतीच्या तिकिटांचं एकेक बुक पडायचं आणि ते खपवायची जबाबदारी तिची. कॅम्पातल्या मुलींना सोपं होतं, त्यांच्या घरी फोन असायचे आणि ओळखीचे दुकानदार असायचे. मी रास्ता पेठेतल्या वाड्यात राहायचे. बारा बिऱ्हाडं, त्यातली चार मुळातच कुठलंही तिकीट काढण्याच्या विरोधातली. समोरचे आप्पा म्हणायचे, "मिशनऱ्यांची इमारत आम्ही का म्हणून बांधायची?" एका वर्षी नुसती मला कटवायला म्हणून त्यांनी एक तिकीट घेतलं आणि त्यांना थर्मास लागला. पुढच्या वर्षी दिवाळीचे आकाशकंदील उतरले नाहीत तोच आप्पांनी जिन्यात गाठून विचारलं, "आलं का गं तुमच्या सिस्टरचं बुक?"

फेटच्या दिवशी मैदानभर स्टॉल. गोवेकर आयांचे खिमा पॅटिस आणि नाताळचे गोड कलकल, पारशी बायकांचं लगननु कस्टर्ड, बोहरी आयांचे सामोसे आणि आमच्या पेठेकडच्या आयांचे बटाटेवडे. माझ्या आईने पहिल्या वर्षी अट घातली होती की वड्याची कढई वेगळी, झारा वेगळा आणि शेजारी पॅटिस तळायचं नाही. सिस्टरांनी एका शब्दाने वाद न घालता वड्याचा स्टॉल मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला दिला. दोन वर्षांनी आई स्वतःच तिकडून इकडे सरकली, कारण गर्दी पॅटिसकडे असायची आणि वडे गार व्हायचे. धर्मापेक्षा खप मोठा. पुढे आमच्या घरी दिवाळीच्या फराळात शंकरपाळ्यांच्या डब्यात कलकल निघायला लागले, तेव्हा बाबा काही बोलले नाहीत, नुसते खात राहिले.

संध्याकाळी हाऊजी, म्हणजे तंबोला. आकडे पुकारायला स्वतः मदर सुपिरियर. एरवी प्रार्थनेत त्यांचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत पोचायचा नाही, पण हाऊजीचे आकडे क्वार्टर गेटपर्यंत ऐकू जात असावेत.

गॅदरिंगचा थाट वेगळा. सगळ्या मुलीच, त्यामुळे राजे, शेतकरी, इन्स्पेक्टर, येशूच्या जन्माच्या देखाव्यातला योसेफ आणि तिघे ज्ञानी पुरुष, सगळं आम्हीच. शहरातल्या ड्रेपरीवाल्याकडून कपडे यायचे, मिशा डिंकाने चिकटायच्या आणि तिसऱ्या अंकात निघायच्या. उंच मुलींना पाचवीपासून अकरावीपर्यंत कधी बाईची भूमिका मिळालीच नाही. मी उंच. मराठी नाटुकलं कार्यक्रमात शेवटी असायचं, इंग्रजी नाटक आणि बॅले झाल्यावर, म्हणजे निम्मे पालक चपला शोधत असताना. शाळेत सगळ्या शिक्षिका 'मिस', एकट्या मराठीच्या 'बाई'. त्या बाईंनी एकदा मुख्याध्यापिकांना सांगितलं की मराठी नाटक मध्यंतराच्या आधी आलं नाही तर मी मुली घेऊन बसणार नाही. ते आधी आलं, आणि त्या वर्षीपासून पेठेतले पालक दुसऱ्या अंकाला हजर राहून नंतर इंग्रजीच्या वेळी चपला शोधायला लागले. फिट्टंफाट.

गॅदरिंगचा सर्वांत कंटाळवाणा भाग म्हणजे मुख्याध्यापिकांचं अहवालवाचन, आणि मला आता सर्वांत जास्त आठवतो तोही तोच. त्यात दर वर्षी पुण्यातल्या कॅथलिक शिक्षणाचा इतिहास यायचा. आम्हाला तो पाठ होता. एका महोत्सवी वर्षी मग सिस्टरांनी ठरवलं की अहवाल वाचायचा नाही, टॅब्लोंतून, म्हणजे मूक देखाव्यांतून, दाखवायचा. त्याची तालीम महिनाभर चालली होती.

पहिला देखावा सवाई माधवरावांचा. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती सैनिक होते. त्यांच्या प्रार्थनेसाठी पेशव्यांनी जागा दिली आणि १७९२ मध्ये क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च झालं. मी रोज त्याच्यासमोरून शाळेत जायचे आणि ते पेशव्यांच्या जागेवर आहे हे मला अहवालातूनच कळलं होतं. ड्रेपरीवाल्याने पेशव्यांची पगडी दोन बोटं मोठी पाठवली. जमिनीची सनद देताना ती पेशव्यांच्या नाकावर आली, आणि पुढच्या रांगेतल्या पालकांत जी खसखस पिकली ती दुसऱ्या देखाव्यापर्यंत थांबली नाही.

दुसऱ्यात इंग्रजांची छावणी. पेशवाई गेल्यावर कॅम्प वसला, पलटणी आल्या, त्यांत आयरिश कॅथलिक शिपाई, म्हणून १८५० मध्ये सेंट पॅट्रिक्स चर्च. १८५८ मध्ये खंडाळ्याकडून रेल्वे पुण्यात आली आणि तिच्याबरोबर कारकून, गार्ड, ड्रायव्हर, त्यांची बायकामुलं. या मुलांना शिकवायचं कुणी, या प्रश्नातून कॅम्पातल्या शाळा निघाल्या. १८६० च्या आसपास मुलींसाठी जीझस अँड मेरी कॉन्व्हेंट, १८६७ मध्ये मुलांसाठी जेझुइट या कॅथलिक संघाच्या फादरांचं सेंट व्हिन्सेंट्स. व्हिन्सेंट्सचं नाव निवेदिकेने घेतलं की मागच्या बाकांवर हमखास खुसखुस व्हायची, कारण तिथली पोरं संध्याकाळी आमच्या गेटवरून सायकली हळू चालवत जायची. पेठेतली मुलींची शाळा हुजूरपागा, ती १८८४ ची. माझी आत्या तिथली. ती या सगळ्यावर नाक मुरडून म्हणायची, "तुमच्या सिस्टरांनी साहेबाच्या मुली शिकवल्या, आमच्या शाळेने आपल्या." हे काही अगदी खोटं नव्हतं. पेठेतल्या मुली आमच्या शाळेत येऊ लागल्या त्या खूप नंतर, आणि त्यातही बहुतेकींचे वडील सरकारी नोकरीतले, बदलीच्या गावाला इंग्रजी शाळा सापडते म्हणून.

मला देखावा मिळाला तो बिशप हेन्रिक डोरिंग यांचा. पुण्याचा धर्मप्रांत १८८६ चा, आणि हे जर्मन जेझुइट १९०७ मध्ये इथले बिशप झाले. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने जर्मन फादरांना हिंदुस्थानातून घालवलं. कॅथलिक शाळांना ती वर्षं फार जड गेली असणार, शिकवणारेच गेले. डोरिंग यांची पुढे १९२१ मध्ये रवानगी झाली थेट जपानात, हिरोशिमाला, आणि १९२७ मध्ये ते परत पुण्याला आले ते १९४८ पर्यंत. हे सगळं मला एकही वाक्य न बोलता करायचं होतं. कापसाची दाढी, हातात काठी, डावीकडून प्रवेश, उजवीकडे जपान, पुन्हा डावीकडे पुणे. जपानात पंख्याचा झोत होता. परत येताना दाढी हातात.

अहवालाच्या शेवटच्या पानावर मात्र दर वर्षी एकच इच्छा असायची, कॉलेजची. उदाहरण ठरलेलं, मुंबईचं सेंट झेवियर्स. जेझुइटांच्या शाळेतूनच तिथे १८६९ मध्ये कॉलेज निघालं, तेव्हा मुंबई विद्यापीठ जेमतेम बारा वर्षांचं होतं. सिस्टरांचं म्हणणं असं की फादर लोक ते करू शकले तर आपण का नाही. आमचे पालक टाळ्या वाजवायचे आणि मुलींना वाडियाला किंवा सेंट मीराला घालायचे.

दार उघडलं ते सरकारनेच. १९७५ च्या मार्चमध्ये जुनी अकरावी आणि नवी दहावी अशा दोन्ही एस.एस.सी. परीक्षा झाल्या. मी जुन्या अकरावीतली, म्हणजे शाळेत अकरा वर्षं काढणाऱ्या शेवटच्या तुकडीतली. आमच्यामागून दहावी झालेल्यांना कॉलेजच्या आधी अकरावी-बारावी करायची होती, आणि ती माध्यमिक शाळेला जोडूनही काढता येत होती. सिस्टरांना हवा तो रस्ता तयार झाला. सुरुवात अर्थातच कॉमर्सने. सायन्सला प्रयोगशाळा लागते, गॅसच्या नळ्या लागतात, सिंक लागतात. कॉमर्सला फळा, खडू आणि हिशेब येणारी बाई लागते. काही वर्षांनी ती बाई मी झाले.

शिकवायला परत आले तेव्हा स्टाफरूमच्या कपाटात एक फाइल दिसली. त्यात १९७४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची कार्बन कॉपी होती, अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजचा खटला, नऊ न्यायमूर्तींचं पीठ. राज्यघटनेच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या संस्था काढायचा आणि चालवायचा हक्क आहे, तो विद्यापीठाच्या नियमांनी किती आवळता येतो, हा वाद. निकाल संस्थेच्या बाजूने लागला होता. मुख्याध्यापिकांनी त्यातल्या ओळींखाली लाल पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या. गॅदरिंगमध्ये हसतमुखाने बक्षिसं वाटणाऱ्या या बाईने ते सगळं शब्दन् शब्द वाचलंय, हे मला तोवर माहीत नव्हतं.

जमाखर्चाच्या वहीत माझ्याकडे 'बांधकाम निधी' असं खातं आलं. फेटची शिल्लक तिथे जमा व्हायची आणि सिमेंट, सळ्या, ठेकेदाराची बिलं तिथून निघायची. वरचा मजला हाऊजीचा, जिना तिकिटांचा, असं आम्ही स्टाफरूममध्ये बोलायचो. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये आमच्या वड्यांचा वाटा चांगला होता, हे मी कधीही कागदावर सिद्ध करून दाखवीन. देणग्याही होत्या, नाही असं नाही, पण देणगीदाराचं नाव संगमरवरावर लागतं आणि वडे तळणारीचं लागत नाही, म्हणून मी इथे लिहून ठेवते आहे.

एक गोष्ट कुणाच्याच लक्षात वेळेवर आली नाही. फेटच्या पैशाने इमारत वाढत गेली आणि इमारत फेटचं मैदान खात गेली. सायन्सच्या विंगने हुपलाची, म्हणजे रिंगा टाकायच्या खेळाची, जागा घेतली, ग्रंथालयाने स्टेजच्या मागचा कोपरा घेतला. खोखोचं एक मैदान गेलं तेव्हा पी.टी.च्या मिस दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. मला त्यांचं पटत होतं, पण माझ्या खात्यात ते मैदान 'मालमत्ता' म्हणून वाढलेलं दिसत होतं.

पदवीचं कॉलेज आलं ते विनाअनुदानित तत्त्वावर, म्हणजे पगार फीमधून. विद्यापीठाची चौकशी समिती यायची होती त्या आठवड्यात ग्रंथालयातली पुस्तकं आम्ही शिक्षकांनी घरून आणून भरली अशी अफवा अजून आहे. ती खोटी आहे. कपाटं आणली होती. समितीने खोल्या मोजल्या, पुस्तकं मोजली, मुलींची स्वच्छतागृहं पाहिली आणि मुलांसाठी किती आहेत असं विचारलं. सिस्टरांनी क्षणभर विचार करून सांगितलं, "बांधू." कॉलेज सहशिक्षणाचं होणार हे आम्हा शिक्षकांना त्या एका शब्दातून कळलं.

मुलं आली आणि गॅदरिंगची पंचाईत झाली. आता बाप्ये आहेत, मिशा चिकटवायला नकोत, असं वाटलं होतं. पण मुलांना नाटकात काम नको, त्यांना बॅकस्टेजला फिरायचं. पहिल्या वर्षी ऐतिहासिक प्रवेशात शेवटी बी.कॉम.ची एक मुलगीच बाजीराव झाली, आणि खऱ्या मिशावाले दोघे मशाली धरून उभे. पुढे शाळेचं, ज्युनियरचं आणि सीनियरचं अशी तीन गॅदरिंग वेगळी झाली. सीनियरच्या कार्यक्रमाला डीजे असतो. मी अर्धा तास बसते आणि कानात कापूस घालते. शाळेच्या कार्यक्रमात अजून योसेफ आहे, आणि तो अजून मुलगीच असते, सातवीतली सर्वांत उंच. अहवाल आता स्क्रीनवर दिसतो, फोटोंसकट. पेशवे त्यात एका ओळीत उरकतात, डोरिंग तर नाहीतच.

फेट मात्र एकत्रच होते. ती तोडायची सूचना दोनदा आली आणि दोन्ही वेळा माजी विद्यार्थिनींनी हाणून पाडली. मैदान उरलं नाही म्हणून या जानेवारीत ती पार्किंगमध्ये झाली, दुचाकी बाहेर रस्त्यावर. वड्याच्या स्टॉलवर माझ्या पहिल्या तुकडीतल्या मुली, म्हणजे आता आज्या. पैसे फोनवर, त्यामुळे रात्री नाणी मोजत बसायचं काम नाही. हिशेब नऊच्या आत जुळला. सोडतीचं पहिलं बक्षीस एअर फ्रायर होतं. ते लागलं हॉस्टेलवर राहणाऱ्या, दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाला. त्याने ते खोकं न उघडता तिथल्या तिथे वडे तळणाऱ्या एका मावशींना विकलं. केवढ्याला, ते दोघांपैकी कुणीच सांगायला तयार नाही, आणि मी दोघांनाही विचारलंय.