आमची वाटचाल : आधी मास्टर, मग पाहायची प्रत

आमचं सांगलीतलं दुकान वडिलांनी लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगवर उभं केलं. खांद्यावर व्हीएचएस कॅमेरा, शेजारी सनगन म्हणजे प्रखर दिवा धरून उभा असलेला मुलगा आणि मग रात्ररात्र जागून केलेलं मिक्सिंग. मास्टर कॅसेट दुकानाच्या कपाटात राहायची, तिच्यावरून काढलेल्या प्रती दोन्ही पक्षांना जायच्या. वडील मास्टर कुणालाच देत नसत. ती एकदा खराब झाली की पुढची प्रत कशावरून काढणार, असं ते म्हणायचे. आज दुकान शूटिंगवर चालत नाही, जुन्या कॅसेट फाइलमध्ये उतरवून देण्यावर चालतं. पण मास्टरबद्दलचा तो नियम आम्ही सोडलेला नाही. उलट सॉफ्टवेअर आणि कोडेक, म्हणजे चित्र आवळण्याची रीत, निवडताना आमचा सगळा विचार त्याच नियमावरून झाला.

मधल्या काळात व्हीसीडी आली. लोकांना चकती हवी होती, आम्ही ती दिली. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं आणि त्याचा वेग सेकंदाला ११५० किलोबिट. आपल्याकडच्या पॅल पद्धतीच्या कॅसेटवर चित्राच्या ५७६ ओळी असतात, म्हणजे निम्म्या ओळी तिथेच जायच्या. डीव्हीडीने पूर्ण ७२० बाय ५७६चं चित्र परत आणलं आणि पुष्कळ वर्षं तेवढ्यावर सगळे समाधानी होते. पण डीव्हीडीतलं एमपीईजी-२ रीतीने आवळलेलं चित्र पुन्हा एडिट करून पुन्हा आवळलं की दरवेळी चित्र थोडं मरतं. मुंजीतला एखादा तुकडा काढून वाढदिवसाच्या व्हिडिओत घालायचा असला, तरी फरक डोळ्याला दिसायचा.

मग दोन गोष्टी घडल्या. जुलै २०१६मध्ये जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआर बनवणं थांबवलं. तसे यंत्र बनवणारी ती शेवटचीच कंपनी उरली होती. तेव्हापासून पिंच रोलर, बेल्ट, टेप वाचणाऱ्या हेडचा ड्रम, सगळे सुटे भाग जुन्या यंत्रांतून काढून घ्यावे लागतात. पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड यांच्या वाऱ्या हा आमच्या कामाचाच भाग झाला.

दुसरी गोष्ट ऑगस्ट २०१९चा महापूर. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. गावभाग, हरभट रोड, मारुती रोड, सगळीकडे घरात पाणी. पाणी उतरल्यावर लोक चिखलाने भरलेल्या कॅसेट पिशव्यांत घालून आणू लागले. कपाटाच्या खालच्या कप्प्यात अल्बम आणि कॅसेट एकत्र ठेवण्याची आपल्याकडे पद्धत, त्यामुळे दोन्ही एकदमच भिजले. कुणी त्या उन्हात वाळत घातल्या होत्या आणि टेप वळून गेली होती. अशी कॅसेट आली की ती व्हीसीआरमध्ये घालायचीच नाही. बॉडीचे पाच स्क्रू काढायचे, दोन्ही रिळं बाहेर घ्यायची, डिस्टिल्ड वॉटरने चिखल धुवायचा, सावलीत गार हवेला हळूहळू वाळवायचं आणि रिळं नव्या स्वच्छ बॉडीत बसवायची. १८० मिनिटांच्या कॅसेटमध्ये अडीचशे मीटरच्या आसपास टेप असते. हे काम घाईने होत नाही.

त्या कॅसेटपैकी काही धड एकदाच चालल्या. दुसऱ्या वेळी टेपवरचा थर हेडवर चिकटून येऊ लागला. आमच्या मनाशी तेव्हा पक्कं झालं, की जे उतरवायचं ते असं उतरवायचं की पुन्हा कॅसेटकडे जाण्याची गरज पडू नये. रत्नागिरी-चिपळूणकडून येणाऱ्या कॅसेटवर पांढरी बुरशी असते, तिथेही हाच नियम. बुरशी आधी साफ करायची, त्या कॅसेटसाठी व्हीसीआर वेगळा ठेवायचा आणि पहिलंच कॅप्चर, म्हणजे संगणकात उतरवून घेणं, शेवटचं समजायचं.

आता कोडेकबद्दल. चित्र फाइलमध्ये कोणत्या रीतीने आवळून ठेवायचं, तो नियम म्हणजे कोडेक. काहीच न आवळता पॅलचं चित्र ठेवलं तर तासाला सुमारे ७५ जीबी लागतात. तीन तासांची कॅसेट सव्वादोनशे जीबीपर्यंत जाते. एवढ्या डिस्क आमच्यासारख्या दुकानाला परवडत नाहीत. दुसऱ्या टोकाला, कॅसेट संगणकात उतरवायच्या स्वस्त यूएसबी स्टिकसोबत येणारी सॉफ्टवेअरं कॅप्चर करतानाच एमपीईजी किंवा एच.२६४ या कोडेकमध्ये आवळून टाकतात. फाइल छोटी होते, पण व्हीएचएसच्या चित्रात खरखर फार, आणि कोडेकचे सगळे बिट त्या खरखरीमागे धावतात. हळद लागलेल्या गालावरचा रंग डागाडागाने फुटतो. एकदा फुटला की परत येत नाही.

मधला मार्ग लॉसलेस कोडेकचा. यात फाइल आवळली जाते पण चित्रातला एकही आकडा बदलत नाही. आम्ही कॅप्चर व्हर्च्युअलडबमध्ये करतो. हे सॉफ्टवेअर ॲव्हरी ली यांनी बनवलं, ते मोफत आहे, दिसायला जुनाट आहे, पण कॅप्चर चालू असताना किती फ्रेम गळल्या आणि किती मध्ये घातल्या गेल्या ते समोर दाखवत राहतं. आमच्या दृष्टीने ती एक ओळ बाकीच्या सगळ्या सोयींपेक्षा मोलाची. फ्रेम गळली की आवाज पुढेमागे होतो, आणि मंगलाष्टकं एकीकडे, अक्षता दुसरीकडे असा व्हिडिओ कुणाच्या हाती द्यायचा नाही. ओबीएस हे दुसरं सॉफ्टवेअरही चांगलं आहे, पुष्कळ जण त्यातच कॅप्चर करतात, पण ते थेट प्रक्षेपणासाठी घडवलेलं आहे. कॅसेटवरचं इंटरलेस्ड चित्र जसंच्या तसं जपणं हा त्याचा हेतू नाही.

इंटरलेस्ड म्हणजे काय, हे ग्राहकांना आम्ही नेहमी समजावून सांगतो. कॅसेटवर सेकंदाला २५ चित्रं असतात, पण प्रत्येक चित्र दोन भागांत टिपलेलं असतं, आधी एकाआड एक ओळी आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या. म्हणजे हालचाल सेकंदाला ५० वेळा टिपलेली असते. शाळेच्या स्नेहसंमेलनातलं लेझीम घ्या. कॅप्चर करतानाच ते २५ चित्रांवर आणलं तर निम्मी लय गेली. म्हणून मास्टर आम्ही इंटरलेस्डच ठेवतो. पाहायची प्रत करताना एव्हीसिंथ या सॉफ्टवेअरमधल्या क्यूटीजीएमसी या फिल्टरने दर सेकंदाला पूर्ण ५० चित्रं बनवतो. त्याला वेळ लागतो, संगणक रात्रभर चालतो. पण लेझीम खेळणाऱ्या मुलींचे हात त्यात स्पष्ट दिसतात.

कॅप्चरच्या वेळी आम्ही हफीयूव्ही हा लॉसलेस कोडेक वापरतो, कारण तो संगणकावर भार टाकत नाही आणि फ्रेम गळण्याचा धोका कमी राहतो. आवाज ४८ किलोहर्ट्झचा, न आवळलेला. मग एफएफएमपेग या सॉफ्टवेअरने ती फाइल एफएफव्ही१ या दुसऱ्या लॉसलेस कोडेकमध्ये, एमकेव्ही प्रकारच्या फाइलच्या डब्यात नेतो. हीच आमची मास्टर, ती तासाला ३० जीबीच्या आसपास बसते. बदल करताना एकही फ्रेम हलली नाही ना, हे फ्रेमएमडी५ या तपासणीने पाहतो. जुन्या आणि नव्या फाइलच्या प्रत्येक फ्रेमची खूण जुळली तरच जुनी फाइल पुसायची.

एफएफव्ही१च का, असं धंद्यातले मित्र विचारतात. तो मायकेल निडरमेयर यांनी एफएफएमपेग प्रकल्पात तयार केला, तो खुला आहे, त्यावर कुणा कंपनीची मालकी नाही. २०२१मध्ये त्याचं पूर्ण वर्णन आरएफसी ९०४३ या खुल्या तांत्रिक दस्तऐवजात प्रसिद्ध झालं. म्हणजे उद्या आजची सगळी सॉफ्टवेअरं नाहीशी झाली, तरी तो कागद वाचून कुणीही ही फाइल उघडणारा प्रोग्रॅम लिहू शकेल. व्हिएन्नाच्या ऑस्ट्रियन मीडियाटेकसारख्या सार्वजनिक संग्रहाने तो व्हिडिओ जतन करण्यासाठी वापरला. शिवाय त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत चित्राच्या प्रत्येक तुकड्यासोबत तपासणीचा आकडा ठेवता येतो. डिस्क खराब होऊ लागली तर नेमकी कोणती फ्रेम बिघडली ते कळतं. माणसांच्या घरातल्या आठवणी सांभाळायच्या तर एवढी खात्री हवीच.

अर्थात एफएफव्ही१ घरच्या टीव्हीवर चालत नाही. म्हणून दुसरी प्रत एच.२६४ची, एमपी४मध्ये. एच.२६५मध्ये फाइल आणखी लहान होते, पण आजोबांच्या खोलीतला जुना टीव्ही ती वाचत नाही, आणि ही प्रत सर्वांत जास्त पाहणारे तेच असतात. पेनड्राइव्ह देताना तो एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करून देतो, कारण फॅट३२ या जुन्या पद्धतीवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत जपून ठेवू नका, हेही सांगतो. ते पाठवताना चित्र पुन्हा आवळतं.

सॉफ्टवेअरच्या आधी यंत्र येतं, हे मात्र विसरून चालत नाही. व्हीसीआरमधून येणाऱ्या ओळी वेळेत डुगडुगत असतात. ओळींची वेळ सरळ करणारं यंत्र, म्हणजे टाइम बेस करेक्टर, नसेल तर चित्राचा वरचा भाग एका बाजूला वाकतो आणि कोणताही कोडेक तो सरळ करत नाही. पॅनासोनिकचे ईएस-१० आणि ईएस-१५ हे जुने डीव्हीडी रेकॉर्डर व्हीसीआर आणि संगणकाच्या मध्ये जोडून हे वाकणं पुष्कळ आवरतं. आम्हीही तेच करतो. एस-व्हिडिओची वायर असेल तर तीच लावायची, पिवळी नाही. चित्राच्या तळाशी दिसणारी फाटकी पट्टी व्हीसीआर एका हेडवरून दुसऱ्या हेडवर जातो त्या क्षणाची असते, प्रत्येक कॅसेटवर असते, जुन्या टीव्हीच्या चौकटीमागे ती झाकली जायची. पाहायच्या प्रतीत ती काळी करतो, मास्टरमध्ये तशीच ठेवतो.

मिनीडीव्ही या लहान डिजिटल कॅसेटची गोष्ट वेगळी. त्यावर चित्र आधीच डिजिटल असतं, सेकंदाला २५ मेगाबिट. फायरवायर या जोडणीच्या वायरने ते जसंच्या तसं उतरतं, तासाला १३ जीबी, सोबत शूटिंगची तारीख-वेळही येते. ते दुसऱ्या कोणत्याही कोडेकमध्ये नेण्याचं कारण नाही. फायरवायरचं कार्ड असलेले जुने संगणक आम्ही केवळ यासाठी जपले आहेत.

अमेरिकेत राहिलेल्या मंडळींच्या कॅसेट सुट्टीत त्यांचे आईवडील आणून देतात. तिथली बारशी, तिथले गणपती. त्या एनटीएससी पद्धतीच्या, ५२५ ओळींच्या, सेकंदाला २९.९७ चित्रांच्या. आपल्याकडचे मल्टिसिस्टिम व्हीसीआर त्या दाखवतात, पण बहुतेक वेळा पॅल टीव्हीला चालेल असं अर्धवट रूपांतर करून. म्हणून ११० व्होल्टवर चालणारा तिकडचा व्हीसीआर ट्रान्सफॉर्मर लावून वेगळा ठेवला आहे.

अलीकडे सगळे विचारतात, एआयने चित्र एकदम स्पष्ट होईल का? चेहऱ्यांवर आम्ही ते वापरत नाही. व्हीएचएसवर आडव्या दिशेने जेमतेम २४० रेषांचा तपशील असतो. मंडपात लांब बसलेल्या आजीचा चेहरा त्यात थोड्याशा ठिपक्यांचा असतो. एआय त्या जागी नवे डोळे, नवे ओठ काढून देतो आणि ते आजीचे नसतात. ज्यांच्याकडे तिचा दुसरा फोटो नाही, त्यांना असा चेहरा द्यायला आमचं मन धजत नाही. रंगाचा तोल सुधारतो, खरखर थोडी कमी करतो, तेही पाहायच्या प्रतीवरच.

सध्या आम्ही व्हीएचएस-डीकोड हा खुला प्रकल्प शिकतो आहोत. त्यात व्हीसीआरच्या हेडवरून येणारा, चित्र बनण्याआधीचा मूळ आरएफ सिग्नलच नोंदवून घेतात आणि चित्र पुढे सॉफ्टवेअरमध्ये तयार करतात. टाइम बेस करेक्टरचं कामही तिथेच होतं. व्हीसीआर उघडून आत वायर जोडावी लागते, फाइल मोठ्या होतात, डीकोडिंगला वेळ जातो. धाकटा भाऊ त्यावर बसला आहे. ग्राहकांच्या कॅसेटवर ते अजून सुरू केलेलं नाही, आमच्याच लग्नांच्या जुन्या मास्टरवर करून पाहतो आहोत. या पद्धतीतून आणखी काही मिळण्याची शक्यता आहे, म्हणून ज्यांच्या कॅसेट अजून चालतात त्यांना त्या परत देताना सांगतो, फाइल मिळाली म्हणून टाकू नका. उभ्या ठेवा, कोरड्या जागी, आणि आमच्याकडे पुराचा अनुभव आहे, तेव्हा वरच्या कप्प्यात.