रुमालाखालची फट

दुपारी ओटा पुसून झाला की मी टीव्ही लावते. बघायला नाही, डोळा लागायला. परवा लावला तर 'अंधाधुन' चालू होता, आणि तोही नेमका त्या फ्लॅटच्या दारात येऊन उभा. पियानोवाला आकाश बेल वाजवतो, तब्बू दार किलकिलं करते. समोरच्या डीसाबाई बघतायत म्हटल्यावर त्याला आत घेण्यावाचून तिला इलाज उरत नाही. गेली माझी झोप.

२०१८च्या ऑक्टोबरात हा सिनेमा लागला तेव्हा मी मैत्रिणीबरोबर पाहिला होता. खुनी कोण ते पहिल्या दहा मिनिटांत मोठ्यांदा जाहीर करायची नवऱ्याला खोड आहे, म्हणून त्याला नेलाच नाही. भिशी आहे म्हणून सांगितलं. भिशी होतीच, पण पुढच्या आठवड्यात. पुण्यातला सिनेमा, त्यात दिग्दर्शक श्रीराम राघवन आपल्या फिल्म इन्स्टिट्यूटचा विद्यार्थी, त्यामुळे निम्मं थिएटर 'हा भांडारकर रोड की प्रभात?' यातच गुंतलेलं. आम्ही दोघी मात्र बाहेर पडल्यावर भांडलो ते शेवटच्या डब्यावरून. आकाश काठीने तो डबा उडवतो, म्हणजे त्याला दिसतंय का? मैत्रीण म्हणाली, धडधडीत दिसतंय. मी म्हटलं, लागली असेल काठी. माझा आपला कुणावरही विश्वास बसतो.

आता इतक्या वर्षांनी गोष्ट सांगून टाकली तर कुणी रागावू नये. जुना नट असलेला नवरा लग्नाच्या वाढदिवशी बायकोला चकित करायला पियानोवाला बोलावतो, आणि पियानोवाला पोचेपर्यंत नवऱ्याचं प्रेत झालेलं असतं. पियानोवाला तेव्हा तरी आंधळा नाही, आंधळेपणाचं सोंग घेऊन हिंडतोय. पुढची काही मिनिटं कुणी काही बोलत नाही. हा वाजवतोय आणि त्याच्या डोळ्यांदेखत बायको आणि तिचा मित्र प्रेताची आवराआवर करतायत. मूळ कल्पना एका फ्रेंच लघुपटातली, पंधरा मिनिटांच्या आतली. पण मला तो प्रसंग सदाशिव पेठेतला वाटतो. त्याला कारण आहे.

लहानपणी वाड्याच्या चौकात आम्ही आंधळी कोशिंबीर खेळायचो. रुमाल कितीही आवळून बांधा, माझं नाक असं की त्याच्या दोन्ही बाजूंना फट राहायचीच. तिच्यातून फक्त पाय दिसायचे. पायांवरून मी सगळा वाडा ओळखायची. मालकांचे करकरणारे जोडे, आजीच्या टाचेच्या भेगा, खालच्या बिऱ्हाडातल्या मुलीचं एकच पैंजण. गडी पटापट धरायची आणि वर शेखी मिरवायची की मला वासावरून कळतं.

एका दुपारी, अडीचचा सुमार असेल, त्या फटीतून काळे बूट दिसले. पायात नाही, हातात. दुसऱ्या हातात डब्याची पिशवी. खाली नुसते मोजे, मागच्या जिन्याची एकेक पायरी चाचपत वर माळ्याकडे निघालेले. शेजारचे काका. सकाळी आठला कंपनीच्या बसला जाणारे, संध्याकाळी सहाला परतणारे काका. हाक अगदी ओठांवर आली होती. पण मारली असती तर रुमालाखालून दिसतंय हे फुटलं असतं, आणि सगळी पोरं 'रडीचा डाव, खडी!' म्हणून नाचली असती. मी हात पसरून उलट्या दिशेला चाचपडत गेले आणि खांबावर आपटले. टेंगूळ आलं.

रात्री आईला सांगितलं. ती पोळपाट धूत होती. म्हणाली, "तुला कसं दिसलं? डोळ्यांवर रुमाल होता ना?"

संपला विषय.

काकांची नोकरी गेली होती, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा दिसायचं ते एवढंच की आई आणि काकू रोज दुपारी चौकात धान्य निवडायला बसायच्या आणि काकू सतरंजी अशी टाकायच्या की जिन्याकडे पाठ होईल. पायरी वाजली की काकूंच्या हातातलं सूप क्षणभर थांबायचं. मग पाखडणं सुरू, थोडं जोरात. आई तेवढ्यात मला काहीतरी आणायला घरात पिटाळायची. आईला ठाऊक आहे हे काकूंना ठाऊक होतं, आणि दोघींनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. सकाळी डबा भरला जायचा, बुटांना पॉलिश व्हायचं. सात-आठ महिन्यांनी काकू पेढे घेऊन आल्या. "ह्यांनी कंपनी बदलली." आईने पेढा घेतला, "बरं झालं हो" म्हणाली.

सिनेमातला तो मेलेला नट अनिल धवन आहे. त्याचा १९७२चा 'पिया का घर' आठवतो? मूळचा आपला 'मुंबईचा जावई', राजा ठाकूरांचा, त्याच्या दोन वर्षं आधीचा. चाळीतल्या भरल्या घरात नव्या जोडप्याला चार शब्द बोलायला कोपरा मिळत नाही, अशी गोष्ट. तसल्या घरांत माणसं वेळेवर भिंतीकडे तोंड करून घोरायला लागायची, आणि त्यातलं निम्मं घोरणं खोटं असायचं. त्याच धवनला म्हातारपणी एवढा प्रशस्त फ्लॅट मिळाला, आणि बघा काय झालं.

तर परवा. आकाशची बोटं पियानोवर, आणि नवरा पाण्याची बाटली घेऊन मागे येऊन उभा राहिलेला. खुनी कोण ते सांगेल म्हणून मी वाट बघतेय. बराच वेळ काहीच नाही. मग म्हणाला, "तुम्ही दोघी भिशीला गेला होतात, तो हाच ना?"

मी आवाज थोडा वाढवला.